चारशे सतराचा घेर

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी काम थांबलं. ते अजून सुरूच व्हायचं होतं, हा भाग वेगळा.

मेहुणा तीस फुटांवर, दुसऱ्या बेचक्यात, कमरेचा पट्टा आवळून बसला होता. यांत्रिक करवत त्याच्या बाजूला लटकत होती. खाली भाऊजींनी सवयीप्रमाणे परवान्याचा कागद काढला आणि वाचला. मग खोडावरचा पत्र्याचा बिल्ला वाचला. मग पुन्हा कागद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा बिल्ला वाचला. कागदावर झाड क्रमांक चारशे सतरा होता. बिल्ल्यावर चारशे बारा.

"थांब," भाऊजी वर बघून म्हणाले.

"सुरू कुठे केलंय?"

"तेच. करू नकोस."

भाऊजी हे काही त्यांचं नाव नव्हे. झाडांची छाटणी आणि निगा करण्याचा हा उद्योग ते बायको आणि तिचा धाकटा भाऊ यांच्यासह चालवत. मेहुणा दिवसभर झाडावरून "भाऊजी, दोर सोडा", "भाऊजी, बाजूला व्हा" असं ओरडत असे, त्यामुळे ज्या गल्लीत काम निघे ती सगळी गल्ली दुपारपर्यंत त्यांना भाऊजी म्हणू लागे. गाडीवर उद्योगाचं भारदस्त नाव रंगवलेलं होतं. ते फक्त रंगाऱ्याने वाचलं असावं.

त्याआधी बावीस वर्षं ते विमा कंपनीच्या दावे विभागात होते. झाड पडून चेपलेल्या गाड्यांच्या फायली वाचून वाचून त्यांचं असं मत झालं होतं की झाड हे पडल्यावर हाताळण्यापेक्षा आधी हाताळलेलं बरं. म्हणून त्यांनी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती. ती रजा सोमवारी संपत होती. मंगळवारी सकाळी दहा वाजता एक तर खुर्चीवर हजर, नाहीतर राजीनामा, असं कंपनीचं पत्र आलं होतं. पत्राची भाषा सभ्य होती आणि त्यात तिसरा पर्याय नव्हता.

सगळं या एका फांदीवर अडलेलं होतं. अकरा वाजता रुग्णालयाच्या व्यवस्थापिका काम बघायला येणार होत्या. त्यांच्या आवारात चौऱ्याऐंशी झाडं होती आणि त्यांच्या वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट द्यायचं होतं. काम पसंत पडलं तर राजीनामा, नाही पडलं तर खुर्ची. दुसरी फांदी दाखवता येणार नव्हती, कारण परवान्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपत होती आणि सोमवारपासून पक्ष्यांच्या घरट्यांचा हंगाम सुरू होत होता. मग चार महिने गावात कोणी पान तोडायचं नाही.

झाड होतं एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या अंगणात, फाटकाला लागून. त्यांना सगळे बाई म्हणत. झाड त्यांचं, पण कल शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे. सगळ्यात मोठी फांदी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या काचेच्या छपरावर अशी काही झुकली होती की खुर्चीत आ करून पडलेला रोगी थेट तिच्याकडे बघत असे. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्यामुळे रोगी नीट आ करत नसत.

भाऊजी बाईंकडे गेले. बाई व्हरांड्यात वर्तमानपत्राच्या घड्या पाडत होत्या.

"बाई, मी पंधरा दिवसांपूर्वी पाहणीला आलो तेव्हा या झाडावर चारशे सतराचा बिल्ला होता."

"असेल."

"आज चारशे बारा आहे."

"बिल्ले मी उतरवले होते," बाई म्हणाल्या. "दोन्ही झाडांचे. गंज चढला होता. अक्षर लागत नव्हतं. घासून घेतले, रंगाऱ्याकडून आकडे नीट काढून घेतले. बघा ना, आता सात हा सातासारखा दिसतो."

दुसरं झाड मागच्या अंगणात होतं. भाऊजी जाऊन बघून आले. सरळ, टवटवीत, ज्याच्या एका पानाबद्दलही कोणाची तक्रार नव्हती अशा त्या झाडावर चारशे सतराचा बिल्ला चकाकत होता. म्हणजे कागदोपत्री त्यांना जे छाटायची परवानगी होती ते झाड निरोगी होतं, आणि ज्याची फांदी पडायला आली होती त्याला हात लावणं हा गुन्हा होता.

"बाई, लावताना अदलाबदल झाली असेल."

बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "चौतीस वर्षं मी निकाल लावले. एकाचे गुण दुसऱ्याला गेले असं एकदाही झालेलं नाही. अदलाबदल माझ्या हातून होत नाही."

भाऊजी परत झाडाखाली आले.

तोपर्यंत लाल-पांढऱ्या पट्टीबाहेर गल्ली जमली होती. झाडकामाचा हा एक नियमच आहे. गटाराचं काम निघालं तर माणसं नाक दाबून घरात जातात, पण झाडावर माणूस चढला की सगळ्यांना बाहेर काम निघतं. आणि जमलेल्यांपैकी प्रत्येकाला तीन गोष्टी माहीत असतात. एक, हेच काम पूर्वी एक माणूस कोयत्याने अर्ध्या तासात करायचा. दोन, लाकूड तुम्हालाच मिळतं, मग पैसे कसले घेता. तीन, आलाच आहात तर आमच्याकडची एक फांदी जाता जाता उडवा. ओलं लाकूड कोणी फुकटही नेत नाही, ते टाकून यायला गाडीच्या दोन खेपा पडतात, हे भाऊजींनी पहिले सहा महिने समजावून सांगितलं होतं. आता ते नुसते हसत.

समोरच्या घरातले काका सगळ्यात पुढे होते. ते सगळ्याच गोष्टींतून निवृत्त झाले होते, सल्ल्यातून सोडून.

"हे बघा भाऊजी," काका म्हणाले. "चार खिळे उपटायचे, बिल्ले इकडचे तिकडे करायचे. दोन मिनिटांचं काम. बघतंय कोण?"

"तुम्ही," भाऊजी म्हणाले. "आणि हे पंचवीस जण."

"आम्ही कोणाला सांगणार आहोत?"

"काका, बिल्ला नगरपालिकेचा असतो. तो काढणं गुन्हा आहे."

ही बातमी व्हरांड्यापर्यंत पोचली असावी, कारण तिथे वर्तमानपत्राची घडी पडता पडता थांबली.

मग दातांचे डॉक्टर आले. भाऊजींच्या अटींच्या कागदावर सातवी अट होती : काम पूर्ण होऊन मोकळीक जाहीर होईपर्यंत फांदीखालच्या इमारतीत कोणीही थांबणार नाही. त्या अटीपायी डॉक्टरांनी अकरा रोग्यांच्या वेळा रद्द केल्या होत्या.

"आता काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"आकडा जुळत नाही."

"कसला आकडा? फांदी दिसत नाही का तुम्हाला?"

"फांदी दिसतेय. परवाना नाही."

दुसऱ्याचं तोंड उघडायला लावण्याचा डॉक्टरांना धंद्यात सराव होता, स्वतःचं बंद ठेवण्याचा नव्हता. "मी तुम्हाला सांगतो," ते म्हणाले, "माझ्याकडे एखादा रोगी दाढ धरून आला, तर मी त्याला तुझ्या दाढेचा नंबर चुकलाय म्हणून परत पाठवत नाही."

"पण दुसरी दाढही काढत नाही ना," वरून मेहुणा म्हणाला.

गल्ली हसली. डॉक्टर नाही हसले.

नगरपालिकेचं कार्यालय शनिवारी बारापर्यंत उघडं असे. तिथल्या वृक्ष निरीक्षकाने येऊन खुलासा लिहून दिला तरच मार्ग होता. पण भाऊजींना जागा सोडता येईना. वर माणूस असताना खाली, प्रसंग आला तर चढून त्याला उतरवू शकेल असा शिकलेला माणूस हवा, हा नियम होता आणि तो त्यांनीच लिहिला होता.

"खाली ये," त्यांनी मेहुण्याला सांगितलं. "मी जाऊन येतो, मग पुन्हा चढ."

"भाऊजी, दोर लावून चढायला चाळीस मिनिटं गेली. मी इथेच बसतो. ताईला बोलवा."

ताई म्हणजे भाऊजींची बायको. घरी फोन आणि डायरी तिच्याकडे असे. पण गेल्या वर्षी बचावाच्या प्रशिक्षणाला एकावर एक प्रवेश मोफत होता, म्हणून तीही गेली होती. परीक्षेत तिला भाऊजींपेक्षा नऊ गुण जास्त पडले होते. हा आकडा घरात कोणी उच्चारत नसे.

ती सव्वाआठला स्कूटरवरून आली. हेल्मेट बदललं, पट्टा चढवला, दोर ओढून बघितला.

"अहो, जेवणाचं काय?"

"अकराच्या आत आटपेल."

"तुमचे अकरा मला माहीत आहेत. अरे, तू चहा घेणार का? वर पाठवते."

"नको ताई," वरून आवाज आला. "चहा घेतला तर उतरावं लागेल."

नऊला पाच कमी असताना भाऊजी उद्यान विभागाच्या खिडकीसमोर उभे होते. खिडकी नऊ वाजून बावीस मिनिटांनी उघडली. आतल्या लेखनिकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर कुठेही घाई नव्हती आणि तुच्छताही नव्हती, त्यामुळे भाऊजींना त्याच्यावर रागावण्याचीही सोय राहिली नाही.

"बिल्ला बदलण्याचा अर्ज नसतो," लेखनिक म्हणाला. "बिल्ला हरवल्याचा असतो."

"हरवलेला नाही. मागच्या झाडावर आहे."

"मग हरवला कसा म्हणता?"

"मी म्हणतच नाही."

"मग अर्ज कसला करताय?"

भाऊजींनी बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढली होती. "कागद पूर्ण करून आणा" हे वाक्य त्यांनी स्वतः इतक्या लोकांना इतक्या सौम्यपणे सांगितलं होतं की ते बाहेरून कसं ऐकू येतं याची त्यांना आज पहिल्यांदाच कल्पना आली. त्यांनी निरीक्षक कुठे आहेत ते विचारलं.

"साहेब बाहेर आहेत."

"पाहणीला?"

"खाजगी. प्रकृतीचं काहीतरी. सोमवारी येतील."

सोमवारी घरटी सुरू. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. तरी निघता निघता त्यांना एक सुचलं, कारण फायलीचा माणूस मोडला तरी वाकत नाही. वृक्षगणनेच्या नोंदवहीची प्रत मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

"सात दिवस लागतील."

"नुसती बघता येईल?"

लेखनिकाने थोडा विचार केला. "वाचायला काही बंदी नाही," तो म्हणाला आणि त्याने वही खिडकीत उघडली.

चार वर्षांपूर्वीची नोंद. चारशे बारा : बुंध्याचा घेर एक मीटर अडतीस. चारशे सतरा : घेर दोन मीटर अकरा. भाऊजींनी स्वतःची वही काढली. पाहणीला गेले की घेर मोजल्याशिवाय ते दर सांगत नसत, आणि मोजताना तारीख आणि बिल्ल्याचा आकडा टिपत. मेहुण्याने या सवयीची इतकी चेष्टा केली होती की मध्यंतरी त्यांनी ती सोडायचं ठरवलं होतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या तारखेखाली त्यांच्याच अक्षरात होतं : क्र. ४१७, घेर २.१४, कल पूर्वेकडे, मोठ्या फांदीत ढोलीचा संशय.

आकडे जुळले. आता ते दाखवायला फक्त निरीक्षक हवा होता.

दहा वाजून चार मिनिटांनी मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, तुम्ही ज्यांना शोधताय ते जाडसर गृहस्थ आहेत का? खाकी पिशवी, खिशाला हिरवा बिल्ला?"

"मी त्यांना पाहिलेलं नाही. का?"

"पिशवीवर वृक्ष विभाग लिहिलंय. इथून स्पष्ट दिसतंय. डॉक्टरांच्या फाटकाशी गाल धरून उभे आहेत. अर्धा तास झाला, डॉक्टर त्यांना आत घेत नाहीत."

घडलं ते असं. डॉक्टरांनी रद्द केलेल्या अकरांपैकी एक वृक्ष निरीक्षक होते. निरोप त्यांना मिळाला होता, पण दाढेला मिळाला नव्हता. रात्रभर डोळा न लागलेला हा माणूस सकाळी सरळ दवाखान्यावर आला, आणि डॉक्टरांनी त्याला सातवी अट दाखवली. वर फांदी, खाली काच, मधे रोगी, असं मी करणार नाही, डॉक्टर म्हणाले. आधी फांदी उतरू द्या.

भाऊजी पोचले तेव्हा निरीक्षकांचा उजवा गाल डाव्याच्या दुप्पट झाला होता. ते बोलू शकत नव्हते. भाऊजींच्या बायकोने त्यांना पट्टीबाहेर खुर्ची दिली होती आणि काका त्यांना लवंगेचे गुण सांगत होते.

"साहेब, परवाना तुमच्याच सहीचा आहे," भाऊजी म्हणाले. "तुम्ही खुलासा लिहून दिलात तर फांदी खाली येईल. फांदी खाली आली की दाढ."

निरीक्षकांनी डोळे मिटले. मग पिशवीतून एक कोरा कागद काढून त्यावर लिहिलं : पुरावा?

एवढ्या दुखण्यातही या माणसाने हा शब्द लिहिला, याबद्दल भाऊजींना मनापासून आदर वाटला. तो त्यांनी नंतर घरी बोलूनही दाखवला. त्यांनी नोंदवहीतला आकडा सांगितला, स्वतःची वही दाखवली आणि मोजपट्टी काढली.

पट्टी खोडाभोवती फिरली. छातीच्या उंचीवर मोजायचं असतं हे गल्लीतल्या एकाला कुठून तरी माहीत होतं. त्यावरून कोणाच्या छातीच्या, असा वाद निघाला, कारण भाऊजी उंच होते आणि निरीक्षक ठेंगणे. निरीक्षकांनी कागदावर लिहिलं : जमिनीपासून १ मी. ३०. झाड कललेलं असल्याने जमीन कोणत्या बाजूची, असं काकांनी विचारलं. त्यांना भाऊजींच्या बायकोने चहाचे कप गोळा करायला पाठवलं.

दोन मीटर चौदा. चार वर्षांत तीन सेंटिमीटर. निरीक्षकांनी मान हलवली, ती गाल दुखला म्हणून अर्ध्यात थांबवली. मग मागच्या झाडाचा घेर मोजला. एक मीटर एकेचाळीस. आता शंकेला जागा नव्हती. त्यांनी व्हरांड्याकडे बघितलं आणि लिहिलं : बिल्ले कोणी काढले?

बाई पायऱ्या उतरून आल्या. निरीक्षक त्यांचे विद्यार्थी नव्हते, ही उणीव त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली असावी.

"मी काढले," त्या म्हणाल्या. "आणि मीच लावले."

"बाई, म्हणजे अदलाबदल झाली," भाऊजी हळूच म्हणाले.

"अदलाबदल नाही झाली. मी क्रम लावला."

बाईंनी फाटकाकडे बोट दाखवलं.

"फाटकातून आत आलं की आधी चारशे सतरा, आणि मागे गेलं की चारशे बारा. असा क्रम कुठल्या शाळेत असतो? लहान आकडा आधी येतो. कोणीतरी चार वर्षांपूर्वी चुकीचा लावून गेलं होतं. मी दुरुस्त केला."

वर मेहुण्याला हसू आवरेना आणि त्याबरोबर चार वाळकी पानं खाली आली. निरीक्षक बाईंकडे बराच वेळ बघत राहिले. बिल्ला काढण्याबद्दलचं कलम त्यांना पाठ असणार. पण ते कलम लिहायला घेतलं तर पंचनामा आला, पंचनाम्याला दोन पंच आले, जबाब आले, आणि तोवर फांदी वर आणि दाढ आत. माणसाच्या आयुष्यात असा एखादा क्षण येतो की त्याला कायद्यातलं महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं एकदम वेगळं दिसायला लागतं. त्यांनी परवान्याच्या मागच्या बाजूला लिहिलं : "परवानगी फाटकालगतच्या, २ मी. १४ घेराच्या, कललेल्या झाडास लागू. बिल्ल्यांबाबत स्वतंत्र कार्यवाही." खाली सही, तारीख आणि वेळ. दहा वाजून बावन्न.

"चूक झाली असं त्यात लिहिलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई."

"मग ठीक आहे," म्हणून बाई वर गेल्या. पण पायरीवर थांबून त्या हलक्या आवाजात भाऊजींना म्हणाल्या, "आधी विचारायला हवं होतं मी. वर्गात मी हेच शिकवत आले." आणि आत गेल्या.

रुग्णालयाच्या व्यवस्थापिका अकराला दोन मिनिटं असताना आल्या. त्यांना जे दिसलं ते असं : करवत बंद, फांदी जागेवर, झाडावर एक माणूस पाय हलवत बसलेला, खाली गाल धरलेला एक अधिकारी, संतापलेला एक डॉक्टर, हातात कप घेतलेले एक काका, आणि खोडाला मोजपट्टी गुंडाळून उभे असलेले भाऊजी, ज्यांच्या हेल्मेटवर वाळकं पान होतं.

"तुम्ही आठला सुरू करणार होतात," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी पट्टी सोडली. पहिलं वाक्य त्यांनी आठवडाभर पाठ केलं होतं. ते आठवेना. त्यांनी परवाना पुढे केला. व्यवस्थापिकांनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली, मग बिल्ल्याकडे बघितलं. खुर्ची मागून घेतली आणि पट्टीबाहेर, निरीक्षकांच्या शेजारी बसल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी करवत सुरू झाली.

यापुढचा सव्वा तास गल्लीच्या दृष्टीने निराशेचा होता. लोकांना फांदी कोसळताना बघायची होती आणि या कामातलं सगळं कसब ती कोसळू न देण्यात असतं. मेहुणा टोकाकडून सुरू करी. तुकड्याला दोर बांधायचा, दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली सोडायचा, खाली भाऊजी त्याचे खोडाभोवती तीन वेढे देऊन टोक धरत. मेहुणा आधी खालून छेद घेई, मग वरून. तुकडा सुटला की दोर ताणला जाई, खोड हलकेच कण्हे, आणि भाऊजी हाताहाताने दोर सोडत. तुकडा काचेवरून तरंगत बाजूच्या मोकळ्या जागेत येई. तिथे बायको त्याला हात लावून खाली बसवी, पाहुण्याला बसवावं तसा.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या तुकड्याची एक काडी फिरून डॉक्टरांच्या पाटीला लागली आणि पाटीवरचा दात तिरका झाला. पाचव्या तुकड्याच्या वेळी काका पट्टीखालून वाकून आत आले, आणि वर, खाली व बाजूला तिघांनी एकदम "काका" म्हटल्यावर तसेच वाकून बाहेर गेले. भुसा निरीक्षकांच्या चहात पडला. पण ते तो पिऊ शकत नव्हतेच.

शेवटचा तुकडा सगळ्यात जड होता. तो सुटला तेव्हा दोराने भाऊजींना अर्धा फूट पुढे ओढलं. बायकोने मागून येऊन दोराचं टोक धरलं. दोघं मिळून तो हळूहळू सोडत राहिली. तो काचेच्या इतक्या जवळून गेला की काचेत दुसरा तुकडा वर येताना दिसला. मग तो जमिनीला टेकला. आवाज असा झालाच नाही. व्यवस्थापिकांच्या बशीतला कप हलला नाही, हे भाऊजींनी मुद्दाम बघितलं.

"मोकळीक आहे," भाऊजींनी जाहीर केलं. पण त्याच्या आधीच, साधारण दोन सेकंद आधी, वृक्ष निरीक्षक पट्टी ओलांडून दवाखान्यात पोचले होते. काकांचा सोडला तर त्या दिवसाचा तेवढाच एक नियमभंग. भाऊजींनी तो नोंदवला नाही.

डॉक्टर मात्र लगेच आत गेले नाहीत. ते कापलेल्या तुकड्यापाशी उकिडवे बसले. आत ढोली होती. बादली मावेल एवढी, काळी, भुसभुशीत. वरून साल धड, आतून काही नाही. डॉक्टरांनी तिच्यात बोट घातलं, कडा दाबून बघितल्या.

"हे काढायलाच झालं होतं," ते व्यावसायिक आवाजात म्हणाले. "बाकीचं शाबूत आहे?"

"खोड शाबूत आहे."

"मग टिकेल." मग त्यांनी वर काचेकडे बघितलं. वर आकाश होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते तिथे पाहिलं नसावं. "पुढच्या वाऱ्यात आली असती ही," ते म्हणाले. "कोणीतरी खुर्चीत असताना." आणि ते आत गेले. चार मिनिटांनी आतून एक आवाज आला, आणि मग गल्लीला ऐकू जाईल असा मोठा सुस्कारा. दाढ निघाली होती.

तो सुस्कारा एकट्या निरीक्षकांचा नव्हता. भाऊजींचा जीव सकाळी सात चाळीसपासून टांगणीला होता, तो आत्ता भांड्यात पडला. ते ओंडक्यावर बसले. मेहुणा जवळजवळ पाच तासांनी खाली उतरला आणि कोणाशी एक अक्षर न बोलता बाईंच्या घरात धावला. बायकोने हेल्मेट काढून भाऊजींच्या हेल्मेटवरचं पान उचललं.

"अकराच्या आत," ती म्हणाली.

"चुकलं."

"डबा आणलाय मी. मला माहीत होतं."

व्यवस्थापिका निघायला उठल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "परवान्यावरचा आकडा तुम्ही कधी ताडून बघितलात?"

"करवत सुरू करण्याआधी," भाऊजी म्हणाले. "त्यामुळेच उशीर झाला."

"आमच्याकडच्या मागच्या माणसाने झाड पाडल्यावर बघितला होता," त्या म्हणाल्या. "सोमवारी कळवते."

त्या गेल्यावर बायकोने विचारलं, "हे चांगलं की वाईट?" मेहुण्याचं मत पडलं की चांगलं. काकांचं मत पडलं की बायका अशा बोलल्या म्हणजे वाईट. भाऊजी पालापाचोळा झाडत होते. गाडीच्या दोन खेपा झाल्या. ओंडके फुकट न्या म्हटल्यावर गल्ली घरात गेली.

सोमवारी सकाळी घरट्यांचा हंगाम सुरू झाला. दुपारी तीनपर्यंत फोन आला नाही. भाऊजींनी तोवर दोन पत्रं लिहून ठेवली होती, एक राजीनाम्याचं आणि एक रुजू होण्याचं. दोन्ही एकाच आकाराच्या पाकिटात. पाच वाजता बायकोने रुग्णालयात फोन लावला. व्यवस्थापिका म्हणाल्या, माझा शेरा अनुकूल आहे, फाइल वर गेली आहे, वरची सही व्हायची आहे. सही कधी होईल ते त्यांना सांगता येईना. हे वाक्य भाऊजींनी स्वतः इतक्यांदा वापरलं होतं की त्यांनी त्याचा अर्थ विचारला नाही.

"सही झाली नाही, तर नाही झाली," बायको म्हणाली. "फांदी तर उतरली. खाली कोणी नव्हतं. शनिवारपासून मी नीट झोपतेय."

"मीही," भाऊजी म्हणाले, आणि ते खरं होतं.

नगरपालिकेकडे बिल्ला बदलण्याचा अर्ज अजून नाही. त्यामुळे फाटकालगतचं झाड आजही चारशे बारा आहे आणि मागचं चारशे सतरा, आणि बाईंच्या अंगणात आकडे चढत्या क्रमाने आहेत. निरीक्षकांची सूज उतरली आहे.

मंगळवारी सकाळी भाऊजी दोन्ही पाकिटं खिशात घालून घरून निघाले. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी मेहुण्याने त्यांना विमा कंपनीच्या फाटकाशी पाहिलं. ते आत गेलेले नव्हते. आवारात, साहेबांची गाडी लावतात त्या जागेवर झुकलेलं एक जुनं झाड आहे. भाऊजी त्याच्या खोडाभोवती मोजपट्टी फिरवत होते आणि चौकीदार पट्टीचं दुसरं टोक धरून उभा होता.